रोलवरून डिजिटलवर येणाऱ्याने मॅन्युअल मोडच वापरावा का?

धागाकर्ता, सदाशिव पेठ

निकॉन एफएम२ या यांत्रिक कॅमेऱ्यावर, ज्याला बॅटरी केवळ प्रकाशमापकासाठी लागते, मी पंधरा वर्षे रोल वापरले आणि गेल्या वर्षी डिजिटल कॅमेरा घेतला. माझे मत असे, की रोलवर हात बसलेल्या माणसाने डिजिटलवरही निदान पहिले सहा महिने मॅन्युअल मोडच, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवण्याची पद्धत, वापरावा आणि आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) एकाच आकड्यावर ठेवावा. रोल घातला, की ३६ फोटो संपेपर्यंत आयएसओ ठरलेला असे, त्यामुळे सगळे लक्ष अपर्चर (भिंगातले प्रकाशाचे छिद्र) आणि शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) यांवर राहत असे. भर उन्हात अपर्चर एफ १६ आणि आयएसओच्या जवळचा शटर, म्हणजे १०० च्या रोलला १/१२५ आणि ४०० च्या रोलला १/५०० सेकंद, हा हिशेब मापकाकडे न पाहताही जमत असे. हे सगळे कॅमेऱ्यावर सोपवले, तर उजेड डोळ्यांनी जोखण्याची इतक्या वर्षांची सवय हातची जाईल, अशी मला खरोखर भीती वाटते.

प्रतिसाद, कोथरूड

मी सहमत नाही, कारण तीच सवय डिजिटलवर घात करते. निगेटिव्हला प्रकाश थोडा जास्त झालेला चालतो, कमी पडलेला चालत नाही. म्हणून आपण सावलीचा भाग मोजून फोटो काढत होतो. डिजिटलच्या सेन्सरचे नेमके उलटे आहे. सावलीतला तपशील रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या कच्च्या फाइलमधून) बऱ्यापैकी वर काढता येतो, पण उजळ भाग एकदा पांढरा पडला, की तिथे काहीही शिल्लक राहत नाही. पाताळेश्वराच्या लेण्यात मी जुन्या सवयीने आतल्या खांबांवर प्रकाश मोजला आणि एफ ५.६, १/३० सेकंद, आयएसओ ४०० असे ठरवून बाहेरच्या नंदीमंडपासह फोटो घेतला. खांबांवरच्या छिन्नीच्या खुणासुद्धा स्पष्ट आल्या, पण उन्हातला तो गोल मंडप कोऱ्या कागदासारखा पांढरा झाला. तेव्हापासून मी अपर्चर प्रायॉरिटी (अपर्चर मी ठरवतो, शटर कॅमेरा) वापरतो, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या म्हणजे उजळ कडेला आदळत असेल तर एक्स्पोजर एक-दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) उणे करतो, आणि यात माझा कोणताही निर्णय कॅमेरा माझ्याकडून हिरावून घेत नाही.

प्रतिसाद, नारायण पेठ

माझ्या मते उजेड बदलतो आहे की समोरचा विषय, हे आधी पाहायला हवे. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर एकसारख्या सावलीत उभे राहिले, तर समोरून पांढऱ्या झब्ब्यांचे ढोलपथक जाते आणि पाठोपाठ गडद कपड्यांतली गर्दी येते. मापक प्रत्येक दृश्य मध्यम करडे धरून चालतो. त्यामुळे अपर्चर प्रायॉरिटीत झब्बे मळकट दिसतात आणि गर्दी फिकी पडते, वास्तविक उजेड तसूभरही बदललेला नसतो. तिथे मॅन्युअलला पर्याय नाही. पण त्याच मिरवणुकीबरोबर ऊन-सावलीतून चालत जायचे असेल, तर दर दहा पावलांवर चकत्या फिरवण्यात समोरचा क्षण निघून जातो.

धागाकर्ता, सदाशिव पेठ

उजळ भागाबद्दल कोथरूडकरांचे म्हणणे मला मान्य आहे. ज्यांनी स्लाइड फिल्म (निगेटिव्हऐवजी थेट सुलटे चित्र देणारी फिल्म) वापरली, त्यांना उजळ भाग सांभाळण्याची ही शिस्त आधीपासून ठाऊक होती. मी निगेटिव्हवरच राहिलो, त्यामुळे ती मला आता शिकावी लागत आहे. चालत्या मिरवणुकीत अपर्चर प्रायॉरिटी वापरण्यासही माझी हरकत नाही. मात्र मॅन्युअल मोडमध्ये ऑटो आयएसओ (आयएसओ कॅमेऱ्यानेच बदलत राहणे) चालू ठेवण्याचा सल्ला हल्ली अनेक जण देतात, तो मला पटत नाही. अपर्चर आणि शटर आपण ठरवले तरी फोटो किती उजळ यावा हे तेव्हा कॅमेराच ठरवतो, आणि वर नारायण पेठेतून सांगितलेले मळकट झब्बे मॅन्युअलमध्येही तसेच मळकट येतात.