अनुभव धागा : अमेरिकेतील महागलेल्या बंदुका, महागलेले पिकअप ट्रक आणि त्यांचा टिकाऊपणा

पेनसिल्व्हेनियात दरवर्षी वाहनाची सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते. यंदा माझा २००६ सालचा पिकअप ट्रक त्या तपासणीत नापास झाला, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाने त्याच्या चासीला एका जागी आरपार भोक पाडले आहे. इंजिन मात्र २,३०,००० मैलांनंतरही कुरकुरत नाही. हा ट्रक मी २४,००० डॉलरला नवा घेतला होता. तेवढ्याच हौद्याच्या नव्या ट्रकची चौकशी केली, तेव्हा विक्रेत्याने ६१,००० डॉलरचा कागद पुढे ठेवला, आणि मागच्या दिव्यातला एक सेन्सर बिघडला तर अख्खा दिवाच बदलावा लागेल, हेही त्यानेच हसत हसत सांगितले.

त्याच आठवड्यात शेजारच्या शेतकऱ्याने हरणाच्या शिकारीसाठी घेतलेली नवी रायफल दाखवली. तिचा दस्ता प्लास्टिकचा होता आणि नळीवर राखाडी, खरखरीत मुलामा होता. त्याने वडिलांची अक्रोडाच्या दस्त्याची जुनी रायफल तिच्याशेजारी ठेवली आणि काही बोलला नाही. इथल्या खेड्यांत या दोन वस्तू एकाच घरात, बहुधा एकाच छपराखाली असतात, म्हणून धागाही एकच काढत आहे. आपण काय घेतले, ते किती टिकले, दुरुस्तीला काय लागले आणि जुने खरोखरच चांगले होते की आपली आठवण चांगली आहे, हे कृपया सविस्तर लिहावे. बंदूक बाळगावी की नाही, हा वाद स्वतंत्र आहे. तो येथे आणू नये, ही विनंती.

ह्यूस्टन, टेक्सास : बांधकाम व्यावसायिक

माझ्याकडे पाच पिकअप आहेत आणि पाचही कामाचे आहेत. त्यांतल्या सर्वांत नव्या ट्रकचे इंजिन ७१,००० मैलांवर टकटक करू लागले आणि इंजिनाची वॉरंटी ६०,००० मैलांवर संपलेली होती. बिल ६,८०० डॉलर झाले. बिघाड समजून घेतल्यावर राग वाढला, म्हणून तो समजावून सांगतो. व्ही-८ इंजिनात आठ सिलिंडर असतात. सपाट रस्त्यावर, भार कमी असताना, त्यांपैकी चारांना विश्रांती देण्याची सोय अलीकडच्या अनेक इंजिनांत असते. त्यासाठी व्हॉल्व्ह उचलणाऱ्या लिफ्टरच्या आत एक बारीक खीळ बसवतात. तेलाचा दाब आला की ती आत सरकते, लिफ्टर पोकळ हलतो आणि व्हॉल्व्ह मिटलेलाच राहतो. ही खीळ अडकली किंवा लिफ्टर फिरला, की तो कॅमशाफ्टलाच, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या फिरत्या दांड्यालाच, खरवडू लागतो. मग इंजिन उघडण्याला पर्याय राहत नाही.

हे सारे मैलामागे थेंबभर पेट्रोल वाचवण्यासाठी आहे. १९७३ च्या तेलबंदीनंतर अमेरिकी संसदेने १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा केला, आणि त्याखालच्या मर्यादा जसजशा कडक झाल्या, तसतशी कंपन्यांनी प्रत्येक थेंबासाठी इंजिनात एक नवी करामत घातली. नियमाचा हेतू मला मान्य आहे. तथापि वाचलेल्या इंधनाचा हिशेब कंपनीच्या खात्यावर जमा होतो आणि मोडलेल्या लिफ्टरचा माझ्या, ही वाटणी मला मान्य नाही. माझ्या जुन्या दोन ट्रकांत ही सोय नाही. ते पेट्रोल पितात, पण कामावर येतात.

मिनिआपोलिस, मिनेसोटा : संगणक अभियंता

माझा अनुभव छोटा आहे. एच-१बी व्हिसावर असताना बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे हा त्यातला एक अपवाद आहे. मी ग्रीन कार्ड मिळेपर्यंत थांबलो आणि नेमबाजीसाठी पॉइंट टू टूची (बारीक, हलक्या काडतुसाची) साधी रायफल घेतली. ती उत्तम चालते. त्रास झाला तो काडतुसांचा : २०२० मध्ये देशात बंदूक खरेदीशी संबंधित पार्श्वभूमी तपासण्यांची संख्या सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेली आणि दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या. पूर्वी पाचशे गोळ्यांची पेटी सहज घेत असे. त्या वर्षी दुकानदार माणशी पन्नासच देत होता, आणि त्याही दुप्पट भावाने.

न्यू हेवनजवळ, कनेटिकट : निवृत्त टूलरूम अभियंता

एकतीस वर्षे विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काढली. बंदुकीच्या कारखान्यांतून आलेले कारागीर आमच्याकडे होते, त्यामुळे त्या धंद्याची पडझड मी त्यांच्या तोंडून, जेवणाच्या सुट्टीत ऐकली आहे.

दर्जा घसरल्याची तक्रार आजची नाही. विंचेस्टर कंपनीची मॉडेल ७० ही रायफल १९३६ सालची. १९६४ साली उत्पादनखर्च कमी करण्यासाठी तिची रचना बदलली. काडतूस पेटीतून वर येताक्षणी त्याची कड पकडणारी लांब, नखीसारखी पोलादी पट्टी गेली, आणि दस्त्यावर कोरलेल्या जाळीच्या जागी दाबून उमटवलेली जाळी आली. गिऱ्हाइकांनी हे इतके मनावर घेतले की आजही जुन्या मालाच्या बाजारात 'प्री-सिक्स्टी-फोर', म्हणजे १९६४ पूर्वीची, एवढेच शब्द भाव वाढवतात. न्यू हेवनचा तो कारखाना २००६ मध्ये बंद झाला.

पण खरी शिकवण मार्लिनच्या गोष्टीत आहे. मार्लिन ही १८७० पासूनची, खाली-वर होणाऱ्या लिव्हरच्या रायफली करणारी कंपनी. २००७ च्या अखेरीस रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीने ती घेण्याचे ठरवले आणि पुढे नॉर्थ हेवनचा कारखाना बंद करून उत्पादन न्यू यॉर्क राज्यातील इलियन येथे हलवले. यंत्रे गेली, ती चालवणारे हात मात्र बहुतांशी इथेच राहिले. आराखड्यावर एक माप असते, आणि चाळीस वर्षे झिजलेल्या मिलिंग यंत्रावर ते माप मिळवण्यासाठी हँडल किती जास्त फिरवायचे, हे त्या यंत्रावरच्या माणसाच्या मनगटात असते. ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. इलियनहून निघालेल्या सुरुवातीच्या रायफलींत लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये फटी होत्या, नेमाचे टोक एका बाजूला कललेले होते. लोकांनी त्यांना 'रेमलिन' असे नाव ठेवले.

२०२० मध्ये रेमिंग्टनची दिवाळखोरी झाली, तेव्हा रूगर या आणखी एका बंदूक कंपनीने मार्लिन सुमारे ३ कोटी डॉलरना घेतली, नॉर्थ कॅरोलायनातील मेयोडन येथे संगणकनियंत्रित यंत्रांवर उत्पादन नव्याने बसवले आणि २०२१ च्या अखेरीस पहिली रायफल बाजारात आणली. दर्जा परतला, असे बहुतेक जाणकार म्हणतात. मीही ती हाताळून पाहिली आहे. छापील किंमत मात्र १,३९९ डॉलर होती. तेव्हा 'संगणकाच्या यंत्रांनी वाट लावली' हे म्हणणे मला पटत नाही. कानस चालवणारा माणूस काढून टाकायचा आणि त्याच्या जागी नवे यंत्रही आणायचे नाही, हा जो मधला काळ असतो, त्यात वाट लागते. इलियनचा कारखाना २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाला.

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन : मूळ गाव सावंतवाडीजवळ

आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरे भातात उतरली की ते बार काढत. घोड्याची स्प्रिंग तुटली, तर गावचा लोहार दुसरी ठोकून देई. कोकणच्या पावसातही त्या नळीला गंज चढत नसे, कारण आजोबा दर रविवारी तिला खोबरेल लावत. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे, त्यात माझ्या आळसाचाही भाग असू शकतो, हे आधीच मान्य करतो.

येथे हरणाच्या मोसमासाठी एक नामांकित पण स्वस्त पंप शॉटगन (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस बदलायची बंदूक) घेतली. पहिल्याच नोव्हेंबरमध्ये, दोन ओल्या दिवसांनंतर, नळीवर तांबूस डाग आले. झाडलेले काडतूस आत चिकटून बसे. पंप ओढायला गुडघा लावावा लागे. बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाने आत दिवा धरून दाखवले की काडतूस बसते त्या भागावर कापणाऱ्या हत्याराचे ओरखडे तसेच होते. त्याने ड्रिलला बारीक पॉलिशचा बोळा लावून दहा मिनिटांत ते घासले, ४० डॉलर घेतले, आणि त्या दिवसापासून ती एकदाही अडलेली नाही. कारखान्यात हीच दहा मिनिटे वाचवली होती.

रॅले, नॉर्थ कॅरोलायना : संख्याशास्त्राचे प्राध्यापक

वरील सर्व अनुभवांचा आदर राखून थोडा विरोध नोंदवतो. कोल्टचे पायथन रिव्हॉल्व्हर १९५५ मध्ये १२५ डॉलरला मिळत असे. महागाईच्या अधिकृत निर्देशांकाने ती रक्कम २०२० च्या डॉलरमध्ये सुमारे १,२०० होते, आणि २०२० मध्ये कंपनीने ते पुन्हा आणले तेव्हा किंमत १,४९९ होती. वाढ आहे, पण बारापट नाही. स्वस्त रायफलींचेही तसेच : प्लास्टिकच्या दस्त्याची माझी साडेचारशे डॉलरची रायफल शंभर यार्डांवर इंचाच्या आत गोळ्या मारते, जे माझ्या सासऱ्यांच्या देखण्या जुन्या रायफलीला कधी जमले नाही.

ट्रकांबाबत आठवण करून देतो की १९७० च्या दशकातल्या अनेक अमेरिकी गाड्यांच्या मैलमापकात पाचच आकडे असत, कारण लाखापुढे गाडी जाईल, अशी फारशी अपेक्षाच नव्हती. धागाकर्त्यांचा ट्रक २,३०,००० मैल चालला, तो जुन्या काळामुळे नव्हे. आणि जे जुने ट्रक आज रस्त्यावर दिसतात, ते टिकलेले आहेत म्हणून दिसतात. भंगारात गेलेले धाग्यावर लिहायला येत नाहीत.

डॅलस, टेक्सास : पतसंस्थेच्या कर्ज विभागात कार्यरत

प्राध्यापकांचा हिशेब बरोबर असेल, परंतु माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या मुलाचा हिशेब हप्त्याचा असतो. नव्या गाडीची सरासरी किंमत २०२५ च्या सप्टेंबरमध्ये प्रथमच ५०,००० डॉलरच्या पुढे गेली. पूर्वी साठ महिन्यांचे कर्ज लांब वाटे, आता चौऱ्याऐंशी महिन्यांचे रोज मंजूर होते. अशा कर्जात पहिली तीन-चार वर्षे गाडीच्या किमतीपेक्षा देणे जास्त असते. त्यात इंजिन गेले, तर माणूस अडकतो : विकता येत नाही आणि दुरुस्तीला पैसे नसतात. गेल्या वर्षी एका प्लंबरने जुन्या ट्रकचे ९,००० डॉलर देणे नव्या ट्रकच्या कर्जात मिसळून घेतले. सही करताना त्याने फक्त महिन्याचा आकडा विचारला.

डे मॉइनजवळ, आयोवा : भाजीपाल्याची शेती

मला छोटा ट्रक हवा आहे. आपल्याकडे ज्याला सगळे 'छोटा हत्ती' म्हणतात, तेवढा पुरे. येथे तो नवा मिळत नाही, याला दोन कारणे आहेत. युरोपीय देशांनी अमेरिकी कोंबड्यांवर जकात बसवली, म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात लावली. कोंबड्यांचे भांडण कधीच विझले, जकात आजही आहे. दुसरे म्हणजे, इंधनबचतीचे नियम पुढे चाकांमधल्या जागेच्या क्षेत्रफळाशी जोडले गेले, त्यामुळे मोठ्या गाडीला सवलत आणि छोटीला कडक मर्यादा, असा उलटा परिणाम झाला. फोर्डने २०२२ च्या मॉडेलवर्षासाठी मॅव्हरिक हा लहान पिकअप १९,९९५ डॉलरपासून आणला, तेव्हा मी आनंदलो होतो. २०२५ चे मॉडेल २६,००० च्या वर सुरू झाले. शेवटी मी पंचवीस वर्षांहून जुना जपानी 'के' ट्रक (तिकडच्या सर्वांत छोट्या वाहनवर्गातला) आयात करून घेतला, कारण तेवढ्या जुन्या वाहनाला सुरक्षा नियमांतून सूट आहे. स्टीअरिंग उजवीकडे असल्याने हात आपोआप वळतात.

न्यू हेवनजवळ, कनेटिकट : पुन्हा एकदा

प्राध्यापकसाहेबांचा मुद्दा मी बहुतांशी मान्य करतो. यंत्रकामाची अचूकता निःसंशय वाढली आहे. तरी एक उदाहरण ठेवतो. २०२४ मध्ये टोयोटाने सुमारे १,०२,००० वाहने परत बोलावली, त्यांत टुंड्रा पिकअप मोठ्या संख्येने होते, कारण यंत्रकाम करताना निघालेला धातूचा कीस इंजिनात राहून गेला असण्याची शक्यता होती. हजारांश मिलिमीटरचे माप जेथे पाळले जाते, तेथे भाग धुऊन, फुंकून, पुसून पुढे द्यायचा, ही उमेदवाराला पहिल्या दिवशी शिकवण्याची गोष्ट राहून जाते. अचूकता मोजता येते, म्हणून ती सांभाळली जाते.

धागाकर्त्याकडून

लँकेस्टर परगण्यातील एका वेल्डरने चासीचा कुजलेला भाग कापून जाड पट्टी जोडण्याचे १,९०० डॉलर सांगितले. काम पाहायला मी दिवसभर तेथेच बसलो होतो. ट्रक गेल्या मंगळवारी तपासणीत उत्तीर्ण झाला. पट्टीच्या आतल्या बाजूला मेण फवारून घेतले आहे, आणि सावंतवाडीच्या सदस्यांचे वाचल्यापासून ते दर वर्षी नोव्हेंबरपूर्वी पुन्हा फवारण्याचे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवले आहे.