अनुभव धागा: "मॅम, बॉय की गर्ल?"

परवा भाच्याच्या वाढदिवसासाठी खेळणं आणायला गेले होते. काउंटरवरच्या मुलीने वय विचारलं नाही, बजेट विचारलं नाही. पहिला प्रश्न, "मॅम, बॉय की गर्ल?" बॉय म्हटल्याबरोबर तिचा आवाज दोन पट्ट्या वर. "मग हे बघाच! फुल्ल अ‍ॅक्शन!" बटण दाबलं, बंदूक किंचाळायला लागली.

मी म्हटलं, त्याला स्वयंपाकाचा सेट हवाय. पाच वर्षांचा आहे, दिवसभर लुटुपुटीचा चहा करून सगळ्यांना पाजत असतो. ती क्षणभर अडखळली, मग तेवढ्याच जोशात, "हो ना मॅम, सिस्टरबरोबर खेळेल!" त्याला बहीण नाही. शेवटी सेट मिळाला. गुलाबी खोकं, वर तीन हसऱ्या मुली.

तुमचेही किस्से लिहा. काउंटरच्या पलीकडच्यांनी लिहिले तर जास्तच मजा येईल.

आवाजवाली
पलीकडची हजर आहे. मी जाहिरातींना मराठी आवाज देते, बरीच वर्षं. खेळण्यांच्या जाहिराती वीस सेकंदांच्या असतात आणि वीसही सेकंद हसत बोलायचं असतं. खरंच हसत, गाल ताणून, कारण हसू आवाजात ऐकू येतं. बाहुलीच्या जाहिरातीला काचेपलीकडून सूचना येते, "गोड... अजून गोड... थोडी लहान मुलगी आण त्यात." पाचव्या टेकला जबडा दुखतो.

गाड्यांच्या जाहिराती माझ्याकडे येत नाहीत. एकदा पुरुष आर्टिस्ट आला नाही म्हणून मी वाचून दाखवली. चांगली झाली होती, खोटं कशाला बोलू. क्लायंट म्हणाला, "आई ओरडतेय असं वाटतंय."

पण खरी गंमत कॉपीत, म्हणजे जाहिरातीच्या मजकुरात असते. बाहुलीच्या कागदावर सजव, नटव, तुझी लाडकी, तुझ्या मैत्रिणी. गाडीच्या कागदावर पळव, धडकव, हरव. मुलींच्या कॉपीत कुणी जिंकत नाही आणि मुलांच्या कॉपीत कुणाला मित्र नसतो. कधीकधी मी मुद्दाम 'मैत्रिणींना हरव' असं वाचते. हसतात, आणि पुन्हा घ्यायला लावतात.

पेठेतला दुकानदार
सगळं आमच्यावर ढकलू नका. आमचं दुकान वडिलांपासून आहे. गिऱ्हाईक पायरीवरूनच सांगतं, "मुलीसाठी काहीतरी दाखवा." निळी सायकल काढली की "अहो, ही मुलांची." तीच सायकल, तेच चाक, गुलाबी रंग आणि पुढे टोपली लावली की चालते. धाकट्या भावासाठी मग पुन्हा नवी घ्यावी लागते, कारण गुलाबी तो कशी चालवणार? एका घरात दोन सायकली खपतात, मी कशाला तक्रार करू?

आरडाओरड करणारी पोरं कंपनीची असतात, दिवाळीपुरती. त्यांना पाठ करून पाठवतात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण तो कुठे छापलाय ते त्यातल्या एकालाही दाखवता आलं नाही. आणि विचारलंही कुणी नाही. पाहुणी मंडळी येतात, ओरडणाऱ्याकडे बघतात, घेऊन जातात. पितळी भातुकलीसाठी आम्हाला एकदाही ओरडावं लागलेलं नाही. अर्थात ती आता शोकेसमध्ये ठेवायलाच नेतात.

नाकतोडा
मधेच नाक खुपसतो. १९१८ साली अमेरिकेतल्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने सल्ला दिला होता, गुलाबी मुलग्यांना आणि निळा मुलींना. गुलाबी ठसठशीत, निळा नाजूक. तेव्हाचे विक्रेतेही हे असंच ठासून सांगत असणार.

फ्रीमाँटची मावशी
आमच्या कॅलिफोर्नियात यावर कायदाच आहे. २०२१ मध्ये सही झाली, १ जानेवारी २०२४ पासून लागू. राज्यभरात मिळून पाचशे किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मोठ्या दुकानांना मुलगा-मुलगी न बघता खेळणी मांडलेला एक भाग ठेवावा लागतो. नाही ठेवला तर पहिल्यांदा २५० डॉलरपर्यंत दंड, पुढे ५०० पर्यंत. एवढ्या मोठ्या दुकानाला हा दंड म्हणजे पार्किंगच्या पावतीएवढा.

मुलांचा आणि मुलींचा वेगळा भाग ठेवायला मात्र बंदी नाही. आमच्या जवळच्या दुकानात हा तिसरा भाग अगदी टोकाला आहे, पझल आणि ठोकळ्यांचा. गुलाबी ओळ आणि काळी-लाल ओळ आहेत तिथेच आहेत. नात मात्र टोकालाच पळते, कारण तिथे बसायला गालिचा आहे.

दुसरीच्या बाई
थोडं विषयाबाहेर. २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं पुस्तक आलं, त्यात आई-बाबा दोघं मिळून पालेभाजी निवडतायत असं चित्र होतं. वर्गात विचारलं, काय दिसतंय? एक पोरगा म्हणाला, "बाई, आज रविवार आहे." बाकी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही सांगायला हवं.

सावंतवाडीकर आजोबा
चितारआळीत नातीला घेऊन गेलो होतो. दुकानदार पेपर वाचत होता. नातीने लाकडी बैलगाडी उचलली, ठेवली, लाकडी वांगं उचललं, ठेवलं, पुन्हा बैलगाडी. असं अर्धा तास. त्याने मान वर केली ती फक्त किंमत सांगायला. घासाघीस मीच केली.

भेंडीचा बाप
आमच्याकडे विक्रेता घरातच तयार झालाय. मुलगी चार वर्षांची, खेळण्यांची खोकी उघडण्याचे व्हिडिओ बघते (हो, माहीत आहे, आमचीच चूक). आता शाळेचा डबा नुसता उघडतच नाही. आधी झाकणावर टिचकी मारायची, मग "हाय गाइज! आज आपण काय ओपन करतोय?" मग डोळे मोठे, हात गालावर, "ओ माय गॉड, भेंडीऽऽ! सो क्यूट!" आणि भेंडी तशीच परत येते.

व्हिडिओ बंद करून तीन आठवडे झाले, सवय काही गेलेली नाही. काल धाकट्याला भरवायचं होतं. तो आठ महिन्यांचा. हिने वाटी हातात घेतली, खाकरली, छाती फुगवली आणि आवाज जाड करून ओरडली, "फुल्ल पॉवर नाचणीऽऽ!" तो दचकून रडायला लागला.