शोमध्ये कोणती न्यावी: १९५६ची डुक्कर फियाट की १९५१ची शेवरोले?

मिलेसेंटो_पुणे
नमस्कार मंडळी. घरात दोन जुन्या गाड्या आहेत. एक १९५६ची फियाट ११०० मिलेसेंटो, म्हणजेच डुक्कर फियाट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची. दुसरी १९५१ची शेवरोले, सहा सिलिंडर, थ्री-स्पीड, शिवडीला जुळवलेली. दोन्ही बऱ्याच वर्षांपासून छपराखाली उभ्या आहेत, इंजिनं जाम नाहीत, बॉडी पूर्ण आहे. हिवाळ्यातल्या शोपर्यंत वेळ आणि पैसा एकाच गाडीला पुरेल. लोक कोणत्या गाडीपाशी जास्त थांबतात? आणि जी नेऊ तिचं काम कुठून सुरू करावं?

बोनेट_उघडा
गर्दी खेचणं आणि गर्दी थांबवून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबून पावलं वळतात ती मोठ्या गाड्यांकडे: युद्धापूर्वीच्या रोल्स-रॉइस, पॅकार्ड, संस्थानिकांच्या गाड्या. शाही दसऱ्याला निघणारी कोल्हापूरच्या छत्रपतींची मायबाख बघायला लोक कसे उभे असतात ते आठवा. त्याखालोखाल अमेरिकन गाड्या. १९५९च्या कॅडिलॅकचे मागचे पंख आणि त्यातले जोडदिवे, किंवा साठच्या दशकातली इम्पाला, यांच्यासमोर फोटोसाठी रांग लागते. उघड्या टपाच्या एमजी आणि जॅग्वार एक्सके १२० तरुणांना आवडतात, आणि लहान मुलं ऑस्टिन सेव्हन व बीटल सोडत नाहीत.

पण फोटो काढून झाला की माणूस पुढे जातो. महाराष्ट्रातल्या शोमध्ये जिथे पंधरा-पंधरा मिनिटं गप्पा चालतात ती गाडी म्हणजे डुक्कर फियाट, हिंदुस्तान लँडमास्टर, स्टँडर्ड हेराल्ड. प्रत्येकाच्या घरात, गल्लीत नाहीतर टॅक्सी स्टँडवर त्यातली एखादी होतीच. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली, तेव्हापासून फियाटबद्दलची ओढ जास्तच वाढलेली दिसते. त्यातही तुमची मिलेसेंटो उलट्या दरवाजांची, म्हणजे पुढच्या दरवाजांची बिजागरी मागच्या कडेला. १९६४च्या डिलाइटपासून पुढचे दरवाजे नेहमीसारखे झाले, त्यामुळे जुन्या दरवाजाची गाडी आता सहज दिसत नाही. माझं मत सरळ फियाटला. पुढचा दरवाजा उघडा ठेवून उभी करा.

सहा_व्होल्ट
गर्दीचं म्हणाल तर शेवरोलेही कमी पडणार नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, आणि तिथून निघालेली पूर्ण गाडी आज सहसा बघायला मिळत नाही. पण एका हिवाळ्यात ती उभी करायची घाई करू नका.

कारण इंजिन. २१६ घनइंची, म्हणजे साधारण ३.५ लिटरचं हे इंजिन स्प्लॅश पद्धतीचं आहे. कनेक्टिंग रॉडच्या तळाला असलेले चमचे तेलात बुडतात आणि त्यावर बेअरिंगला तेल मिळतं. बेअरिंग बॅबिटचं (मऊ मिश्रधातू), ओतून केलेलं. आजच्यासारखं शेल काढलं आणि नवं बसवलं असं होत नाही. क्लिअरन्स शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) जुळवावा लागतो, आणि बॅबिटला तडा असेल तर ओतून बोअर करणारा कारागीर शोधण्यातच महिने जातात. न उघडता चालवलीत आणि रॉड वाजायला लागला, तर पुढे क्रँकवर ओरखडे येणारच.

दुसरं, वायरिंग ६ व्होल्टचं. त्याच कामाला करंट दुप्पट लागतो. कोणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक बॅटरी केबल लावलेली असते आणि मग गरम इंजिनावर सेल्फ रडतो. लोक सेल्फ मोटरला दोष देतात, दोष केबलला आणि अर्थिंगला असतो. जाड केबल आणि घासून स्वच्छ केलेलं अर्थ, एवढ्यावर दहापैकी ९ वेळा काम होतं. शेवरोले पुढच्या वर्षी, निवांत.

जुनं_गॅरेज_सातारा
फियाट ठरली असं धरून लिहितो. रंगाकडे शेवटी बघा.

आधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम आणि सर्किट एकच. एक कप-वॉशर गळला की पेडल तळाला जातं, दुसरा आधार हँडब्रेकचाच. मास्टर सिलिंडर आणि सगळे व्हील सिलिंडर उघडा, बोअरला गंजाचे खड्डे असतील तर स्लीव्ह करून घ्या, रबर सगळं नवं. लवचीक होज तर बदलाच. बाहेरून तो ठणठणीत दिसतो, आतून सुजून बंद झालेला असतो. दाबलं की तेल पुढे जातं, सोडल्यावर परत येत नाही, आणि मिरवणुकीत दोन किलोमीटरवर चाक तापून जाम होतं. तेल डॉट ३, एकाच कंपनीचं, पूर्ण नवं.

मग पेट्रोल. टाकी उतरवून रिकामी करा, तळातला चिकट थर काढा. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात आणि त्यांचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहिली तरी कार्बच्या बाउलमध्ये पांढरी भुकटी धरते. नळ्या विटॉनच्या (इथेनॉल सोसणारं रबर) घाला, इंजिनावरच्या एसी पेट्रोल पंपाचा पडदाही तसाच घ्या, कार्बच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा (शोच्या दिवशी तो काढता येतो). परत आल्यावर टाकी आणि बाउल रिकामे करून ठेवा.

इंजिन लगेच सेल्फवर घेऊ नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी चौथ्या गिअरमध्ये गाडी हळूच पुढे-मागे ढकला. अडखळ नसेल तर ऑइल आणि फिल्टर बदला, प्लग न लावता ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ द्या, आणि मगच प्लग. डेल्कोतल्या (डिस्ट्रिब्यूटर) पॉइंटची फट ०.४५ मिमीच्या आसपास, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पॉइंट काळा पडत असेल तर कंडेन्सर बघा.

शोमध्ये फियाट हमखास दगा देते ती उष्णतेने. मिरवणूक माणसाच्या चालीने चालते, फॅन बेल्टवर फिरणारा, त्यामुळे आयडलला पुरेशी हवा ओढत नाही. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, बेल्ट बोटाने दाबल्यावर १० ते १५ मिमी दबला पाहिजे. टायमिंग मागे गेलेलं असेल तर नवा रेडिएटरही वाचवत नाही. थांबलात की न्यूट्रल करून इंजिन थोडं चढं ठेवा. त्याने पाणीही फिरतं आणि डायनामोही चार्ज करायला लागतो, नाहीतर आयडलला दिवे-हॉर्न बॅटरीच खातात. इंजिन धाप लागल्यासारखं करून बंद पडलं आणि काचेच्या फिल्टरमध्ये बुडबुडे दिसले, तर पेट्रोलची वाफ झाली आहे. पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं बोनेट उघडं ठेवा. सेल्फ मारत बसू नका.

आता दरवाजे. या गाडीत पुढचा आणि मागचा दोन्ही दरवाजे मधल्या खांबावर लटकतात. दरवाजा अर्धा उघडा, टोकाला धरून वर उचला. बिजागरीच्या पिनमध्ये खेळ असेल तर पिन-बुश. पण बिजागरीसोबत खांबाचा पत्राच हलताना दिसला, तर खांबाचा पाय सिलजवळ (दाराखालच्या उंबऱ्याजवळ) गंजलाय. तिथे पुट्टी भरून रंग मारणारे पुष्कळ भेटतील. पत्रा कापून नवा वेल्ड झाला पाहिजे, कारण लॅच निसटला तर पुढचा दरवाजा चालत्या गाडीत वाऱ्याने पूर्ण उघडतो. शोमध्ये दिवसभर लोक तोच दरवाजा उघडणार आहेत.

पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला ग्रीस, स्टिअरिंगवरच्या गिअर दांडीचे बुश, ५.२०-१४चे टायर. टायरच्या खाचा शाबूत असल्या तरी बाजूला भेगा असतील तर ते टाकून द्या.

फॉर्म_वीस
कागदपत्रांचं थोडक्यात. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नवा नंबर ‘व्हीए’ मालिकेतला मिळतो, पण गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो. आरसी चालू असेल आणि नंबर जुन्या मुंबईच्या बीएम मालिकेतला असेल तर तो सोडू नका, पाटीसमोर लोक थांबतात. विंटेज नोंदणीवर रोजचा वापर चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढंच.

एक लक्षात ठेवा: आंतरराष्ट्रीय वर्गवारीत विंटेज म्हणजे १९१९ ते १९३०. शोच्या अर्जात तुमची गाडी युद्धोत्तर किंवा क्लासिक गटात भरा.

मिलेसेंटो_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. फियाट नक्की. बंपर आणि ग्रिलचा क्रोम ठिकठिकाणी उडालाय, मूळ रंगही बोनेटवर विरलाय. सगळं नवं करू का?

बोनेट_उघडा
रंग मूळचा असेल तर हात लावू नका. पुन्हा रंगवलेली गाडी परत कधीही रंगवता येते, कारखान्यातला रंग एकदा घासला की गेला. पॉलिशही बारीकच, कडांवर पातळ रंग असतो. गंज जिथे वाढतोय तेवढाच भाग थांबवा. बंपर क्रोम करायचाच तर तांबं, निकेल, मग क्रोम असे तिन्ही थर देणाऱ्याकडेच द्या. थेट क्रोम चढवलेला एका पावसाळ्यात फोड धरतो. आणि जे मुळात रंगवलेलं होतं त्यावर क्रोम नको.

परीक्षकांची नजर बोनेटखाली जाते. मेटॅलिक रंग, हॅलोजन दिवे, रंगीबेरंगी प्लॅस्टिक वायरी, फुलीच्या खाचेचे नवे स्क्रू, इथेच गुण जातात. कंपनीची माहितीपट्टी जागेवर असू द्या, तिला रंग लावू नका. मूळ जॅक, पाने, पुस्तिका असतील तर डिकीत कापडावर मांडा. गाडी फ्लॅटबेडवरून न्या, पट्टे चाकांवरून बांधा, बंपरला कधीच नाही. उतरवल्यावर लगेच धुळीवर कोरडं फडकं फिरवू नका, आधी पाण्याने धूळ सोडवा.