योजनेचा खरंच फायदा झाला का, हे सरकारला कळणार कसं?

नदीकाठ:
जिल्हा परिषद शाळांच्या एका वाचन उपक्रमाच्या कामात आहे. यंदा थोड्याच शाळांत झाला, पुढच्या वर्षी सगळ्या तालुक्यांत न्यायचं चाललंय. आढावा बैठकीत सांगतात काय तर प्रशिक्षण किती शिक्षकांचं झालं, पुस्तकं किती वाटली, निधी किती टक्के खर्ची पडला, आणि जूनमध्ये किती पोरांना वाचता येत होतं नि मार्चमध्ये किती. आता वर्षभर शाळेत आल्यावर पोरं काही ना काही शिकतातच की, उपक्रम नसता तरी शिकली असती, मग त्यात उपक्रमाचा वाटा केवढा? आरसीटीबद्दल, म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकालाच योजना द्यायची आणि मग तुलना करायची, त्याबद्दल वाचलंय, अर्थशास्त्रज्ञ बॅनर्जी-डुफ्लो-क्रेमरना अशाच कामासाठी २०१९ चं नोबेल मिळालं तेही माहितीये, पण विषय काढला की वरिष्ठ म्हणतात ते एनजीओवाल्यांचं संशोधन, सरकारी यंत्रणेत चालत नाही. असा अभ्यास करून एखाद्या राज्याने खरोखर नियम बदललेत का? आणि साहेबांपुढे मांडायचं कसं?

सह्याद्रीकर:
गुजरातचं उदाहरण दाखवा. तिथे १९९६ पासून हायकोर्टाच्या आदेशाने जास्त प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यावी लागते. पण ऑडिटर निवडायचा कारखान्याने आणि पैसेही द्यायचे त्यानेच, मग खरा आकडा कोण लिहिणार? राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने डुफ्लो, ग्रीनस्टोन, पांडे, रायन या संशोधकांना बरोबर घेतलं आणि अहमदाबाद-सुरत भागातल्या कारखान्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटात जुनीच पद्धत. दुसऱ्यात ऑडिटर कोण हे कारखान्याच्या हातात नाही, पैसे सामाईक निधीतून ठरलेल्या दराने, आणि काही ठिकाणी दुसरी टीम जाऊन पुन्हा मोजणार. जुन्या पद्धतीत ऑडिटर सांगायचे की धुळीच्या कणांची मर्यादा फक्त ७ टक्के कारखाने ओलांडतात, फेरमोजणीत निघाले ५९ टक्के! नव्या पद्धतीत 'सगळं मर्यादेत आहे' असे खोटे अहवाल तब्बल ८० टक्क्यांनी घटले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. २०१५ मध्ये मंडळाने ऑडिटर असेच नेमायचे म्हणून नियम बदलला. प्रश्न मंडळाला स्वतःला पडलेला होता, म्हणून निकाल फायलीत पडून राहिला नाही असं मला वाटतं.

खडूफळा:
कारखान्यांचं ठीक आहे हो, पण शाळांमध्ये निम्म्या पोरांना मुद्दाम वंचित ठेवणार का? मी तिसरी-चौथीला शिकवतो, पालक विचारतील त्या गावाला दिलं मग आम्हाला का नाही, त्यांना काय सांगू? शिवाय रोज कुठली ना कुठली माहिती ऑनलाइन भरतोय, त्यात अजून एक सर्वेक्षण आमच्याच गळ्यात मारणार असाल तर माझा साफ विरोध.

माळरान:
गुरुजी, दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पण सगळ्यांना एकाच दिवशी द्यायला पैसा आणि माणसं असतात कुठे, टप्पे पडतातच, आणि पहिल्या टप्प्यात कोणाचं गाव येणार हे बऱ्याचदा वशिल्यावर ठरतं. त्याऐवजी सगळ्यांसमोर चिठ्ठी काढली तर कोणावर अन्याय होत नाही. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब कुटुंबांना मुलं शाळेत पाठवण्यासाठी पैसे द्यायची योजना काढली तेव्हा अभ्यासातल्या ५०६ गावांपैकी ३२० ना आधी दिले, १८६ ना नंतर. २००० साली सत्ता बदलली तरी योजना टिकली, उलट शहरांपर्यंत वाढली, त्यात त्या आकड्यांचा मोठा हात होता.

आणि 'सरकारी यंत्रणेत चालत नाही' म्हणणाऱ्यांना हरियाणा सांगा. मुंबईत 'प्रथम' या संस्थेच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच शिकवणाऱ्या मुली, मागे पडलेल्या पोरांना वेगळं बसवून शिकवायच्या, त्याचा चांगला फायदा अभ्यासात दिसला होता. तेच पुढे बिहारात सरकारी शिक्षकांकडून करून बघितलं तर शाळेच्या वेळात नुसती पुस्तकं आणि प्रशिक्षण देऊन फारसा फरक पडला नाही, पण उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनीच शिकवलं तेव्हा वाचन सुधारलं. म्हणजे नदीकाठ, तुमच्या बैठकीत प्रशिक्षण आणि पुस्तकांचे जे दोन आकडे यश म्हणून दाखवतात ना, नेमक्या त्याच दोन गोष्टींनी तिथे फरक पडला नव्हता! मग हरियाणात २०१२-१३ मध्ये रोजचा एक तास राखून ठेवला, त्या तासाला तिसरी ते पाचवीची पोरं इयत्तेप्रमाणे न बसवता ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे बसवली, आणि शाळांना भेटी देणाऱ्या अधिकाऱ्यांना आधी स्वतः वर्गात शिकवायला लावलं. हिंदी वाचन सुधारलं, सगळे शिक्षक सरकारीच. त्याच वेळी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही, म्हणजे वर्षभर प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या नोंदी ठेवायची पद्धत, तपासलं, त्याचा पोरांच्या शिकण्यावर काहीच परिणाम दिसला नाही. तक्ते भरण्यात किती वेळ जातो ते गुरुजींना सांगायला नको.

तुमच्यापुरतं सांगतो, तालुक्यांवर चिठ्ठी काढू नका, संख्या फार कमी पडते, केंद्रांवर, म्हणजे केंद्रप्रमुखाच्या हाताखालच्या शाळांच्या गटांवर काढा. चाचणी वर्गशिक्षकांनी घ्यायची नाही, डाएट, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत डीएलएडच्या (शिक्षक होण्याच्या पदविकेच्या) विद्यार्थ्यांना पाठवता आलं तर बघा, म्हणजे गुरुजींवर बोजाही नाही. आणि हे सगळं आदेश निघायच्या आत, नंतर तुलनेला शाळाच उरत नाहीत.

नदीकाठ:
केंद्रांचं लक्षातच आलं नव्हतं. पहिल्या टप्प्याची यादी अजून निघालेली नाही, सोमवारी सीईओ साहेबांकडे टिपणी ठेवतो. गुजरात आणि हरियाणा दोन्ही घालतो.

खडूफळा:
चिठ्ठी सगळ्या केंद्रप्रमुखांसमोर काढणार असाल तर माझी हरकत नाही, पालकांना मी समजावेन. फक्त निकाल आम्हाला दाखवा. मागे एकदा आमच्या वर्गाची अशीच चाचणी झाली, पेपर गोळा करून नेले ते नेलेच. आणि काही फरक पडला नाही असं निघालं तर तेही सांगा, म्हणजे उपक्रमाचा वेळ आम्ही दुसऱ्या कामी लावू.