आखूड पात्याचा घडीचा चाकू रोज जवळ बाळगावा का?

प्रश्न : बागप्रेमी

माझा दिवसाचा बराचसा वेळ रोपांच्या आणि खोक्यांच्या सहवासात जातो. सुतळी कापणे, खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या उघडणे, वाळलेला देठ छाटणे, शिसपेन्सिलीला टोक काढणे अशी लहानसहान कामे सतत निघतात आणि दर वेळी कात्री कुठे ठेवली आहे ते आठवत बसावे लागते. कागद कापण्याचे कटर काही काळ वापरून पाहिले, परंतु त्याचे पाते पातळ आणि ठिसूळ असल्याने थोडा तिरका जोर पडला तरी त्याचा तुकडा उडतो, आणि असा तुकडा डोळ्यांच्या दिशेने आला तर काय, ही चिंता मनातून जात नाही.

म्हणून आखूड पात्याचा, मिटून खिशात ठेवता येईल असा चाकू घ्यावा असा विचार आहे. पाते किती लांब असावे आणि उघडल्यावर ते पक्के अडकवणारे कुलूप असलेला चाकू घ्यावा की साधा स्प्रिंगचा, हे मला कळत नाही. शिवाय घरच्यांना ही कल्पनाच रुचलेली नाही; चाकू जवळ बाळगणारा माणूस लोकांना धोकादायक वाटतो, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला अगदीच निराधार वाटत नाही. ज्यांनी असा चाकू दीर्घकाळ वापरला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : काष्ठशिल्पी

आपण सांगितलेल्या कामांसाठी पाच ते सात सेंटिमीटरचे पाते पुरेसे आहे, आणि माझ्या मते त्याहून लांब पाते घेऊच नये. कापताना खरा जोर मुठीलगतच्या पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरांतच लागतो. धार हातापासून जितकी दूर जाते तितका मनगटावर ताण येतो आणि पात्यावरचा ताबा कमी होतो. पात्याची पाठ दोन मिलिमीटरच्या आसपास जाड असावी, कारण जाड पाते दणकट दिसले तरी पुठ्ठ्यात शिरताना पाचरीसारखे अडकते.

साध्या स्प्रिंगच्या चाकूची रचना समजून घेतली तर त्याची भीती बरीच कमी होते. मुठीच्या पाठीकडून एक लांब पोलादी स्प्रिंग जाते आणि ती पात्याच्या बुंध्यावरील सपाट भागावर दाब देत राहते. पाते उघडे राहते ते केवळ या दाबामुळे. आपण धारेने कापतो तेव्हा वस्तूचा विरोध पात्याला अधिक उघडण्याच्या दिशेने ढकलतो, त्यामुळे योग्य रीतीने कापत असताना पाते मिटण्याचा प्रश्नच येत नाही. धोका निर्माण होतो तो टोकाने भोक पाडताना, किंवा पाते एखाद्या फटीत अडकल्यावर ते मागे-पुढे हलवून ओढताना. कारण तेव्हा जोर पात्याच्या पाठीवर येतो आणि ते थेट बोटांवर मिटते. भोक पाडायचे असेल तर ज्या चाकूत स्वतंत्र टोच्या असतो तो घ्यावा आणि पात्याला ते काम कधीही सांगू नये.

या स्प्रिंगचा सर्वांत सुंदर उपयोग स्विस चाकूत झाला आहे. कार्ल एल्झनर यांनी 1891 मध्ये स्विस सैन्याला जो चाकू पुरवला त्यात पाते, टोच्या, डबा उघडण्याचे अवजार आणि बंदूक उघडण्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर होता. 1897 मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला आणि त्यात एकाच स्प्रिंगवर मुठीच्या दोन्ही बाजूंची अवजारे पेलण्याची युक्ती साधली. मला ही रचना फार मोलाची वाटते, कारण खिशातला चाकू हे रोजच्या कामाचे अवजार आहे हा विचार तिच्यात पुरता उतरलेला आहे.

प्रतिसाद : यंत्रविशारद

वरील प्रतिसादातील बहुतेक मजकूर मला मान्य आहे, परंतु कुलुपाच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. ओल्या हाताने, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी किंवा थकव्यात काम करणाऱ्या माणसाकडून प्रत्येक वेळी योग्य दिशेनेच जोर लागेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून कुलूप असावे. मुठीच्या आतली धातूची पट्टी सरकून पात्याच्या बुंध्यामागे उभी राहते ती एक पद्धत, पाठीकडचा दांडा खाचेत बसतो ती दुसरी. फ्रान्समधील ओपिनेल चाकूवर 1955 पासून फिरणारे कडे असते. ते वळवले की पाते जागच्या जागी थांबते, आणि या पद्धतीत बिघडण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. बागेत लाकूडही तासायचे असेल, तर मी कुलुपाचाच चाकू घेण्याचा सल्ला देईन. मात्र कुलूप आहे म्हणून चाकूने काहीतरी उचकटायला जाऊ नये. कुलूप घसरते, आणि टोक तर हमखास मोडते.

प्रतिसाद : पथिक

कुलूप हवे की नको, याचा निर्णय केवळ सुरक्षिततेच्या दृष्टीने घेता येत नाही, कारण अनेक देशांच्या कायद्यांत नेमका याच गोष्टीने फरक पडतो. ब्रिटनमध्ये 1988 च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार कारणावाचून सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो तो फक्त मिटणारा आणि तीन इंचांपर्यंत, म्हणजे 7.62 सेंटिमीटरपर्यंत धार असलेला चाकू. पाते उघडल्यावर कुलुपाने पक्के होत असेल तर तो चाकू या सवलतीत बसत नाही, असे तेथील न्यायालयाने ठरवलेले आहे. जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि कुलूप असलेला चाकू योग्य कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही, मग पाते कितीही आखूड असो. जपानमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पाते उचित कारण नसताना बाळगणे सर्वसाधारणपणे गुन्हा आहे, आणि त्याहून आखूड पातेसुद्धा कारणाशिवाय लपवून बाळगले तर किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते.

ही उदाहरणे अशासाठी दिली की, 'लहान चाकू सगळीकडे चालतो' हा समज खोटा आहे. आपण राहतो तेथला आणि जेथे जाणार आहोत तेथला नियम स्वतः वाचावा. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये, कारण विकत घेण्याची मुभा आणि बाळगण्याची मुभा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शाळा, न्यायालय, विमानतळ आणि गर्दीचे सोहळे येथे बहुधा स्वतंत्र बंदी असते. शिवाय कोणताही चाकू स्वसंरक्षणासाठी जवळ ठेवला आहे असे म्हटले, की बऱ्याच ठिकाणी तो कायद्याच्या नजरेत अवजार न राहता शस्त्र होतो. मनात असा हेतू असेल तर चाकू घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. भांडणात निघालेला चाकू कोणाचेही रक्षण करत नाही.

बागप्रेमी

सर्वांचे मनापासून आभार. स्वसंरक्षणाचा विचार माझ्या मनात नव्हता आणि नाही. पथिक यांनी सांगितलेले वाचल्यावर साधा स्प्रिंगचा, सहा सेंटिमीटरच्या आतला चाकू घ्यावा या निष्कर्षाप्रत मी आलो आहे. माझ्या कामात लाकूड तासण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. विमानप्रवासात तो सोबत नेता येईल का, आणि त्याची धार कशी राखावी, एवढे कृपया सांगावे.

पथिक

विमानप्रवासात तो विमानतळावर जमा करायच्या सामानात, नीट गुंडाळून ठेवावा. हातातल्या पिशवीत ठेवू नये. युरोपीय संघाच्या नियमांत सहा सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याला मोकळीक असली तरी ती सर्वत्र नाही. अमेरिकेत 2013 च्या मार्चमध्ये अशा लहान चाकूंना केबिनमध्ये परवानगी देण्याची घोषणा झाली होती, परंतु विमान कर्मचाऱ्यांच्या तीव्र विरोधानंतर जूनमध्ये ती मागे घेण्यात आली. आणि घरच्यांच्या हरकतीविषयी म्हणाल तर त्यांचे म्हणणे मनावर घ्यावे. लोकांसमोर चाकू काढावा लागला तर आधी 'हे जरा कापतो' असे सांगावे, पाते दोन्ही हातांनी सावकाश उघडावे आणि काम होताच मिटवावे. दुसऱ्याला देताना तो मिटलेलाच द्यावा.

काष्ठशिल्पी

धारेविषयी सांगतो. बोथट पाते अधिक घातक असते, कारण ते कापत नाही म्हणून आपण जोर वाढवतो आणि मग ते अनपेक्षित दिशेला निसटते. सुमारे हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचे माप) एक निसणा आपल्याला पुरेल. पाते दगडाशी पंधरा ते वीस अंशांचा कोन करून धरावे आणि हलक्या हाताने एकाच बाजूने घासत राहावे. काही वेळाने विरुद्ध बाजूला धारेच्या काठावर एक अतिशय बारीक खरखरीत कड उमटते. बोटाचे मांस धारेपासून बाहेरच्या दिशेने सरकवले तर ती जाणवते. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नये. ती कड टोकापर्यंत उमटली, की दुसरी बाजू तितकीच घासावी आणि शेवटी पाते चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने ओढून उरलेली कड काढून टाकावी. नवखा माणूस बहुधा ही कड येण्याआधीच बाजू बदलतो, आणि मग कितीही घासले तरी धार का येत नाही हे त्याला कळत नाही.

कामाला साधे गंजरोधक पोलाद घ्यावे. कार्बन पोलादाला धार चटकन आणि सुरेख येते हे खरे, पण वनस्पतींचा रस आणि ओलावा यांमुळे ते काळवंडते व गंजते, त्यामुळे बागेत ते रोज पुसावे लागेल. खिशातला दोऱ्यांचा भुगा सांध्यात साचतो आणि उघडताना पाते जड लागू लागते. तेव्हा चाकू कोमट पाण्यात धरून पाते अनेकदा उघडझाप करावे, पूर्ण वाळू द्यावे आणि सांध्यात खनिज तेलाचा एकच थेंब सोडावा. खाण्याचे तेल घालू नये, कारण ते कालांतराने चिकट होते.