सेलमच्या खटल्यांत दोष कोणाचा? खोटं बोलणाऱ्या मुलींचा की ऐकून घेणाऱ्या न्यायाधीशांचा?

वकीलबाई
मॅसॅच्युसेट्समधल्या (तेव्हा ती अमेरिकेतली इंग्रजांची वसाहत) सेलमच्या चेटूक-खटल्यांचा विषय निघाला की, चेटकिणी आम्हाला छळतात म्हणणाऱ्या, झटके येणाऱ्या त्या मुलींनाच सगळे बोल लावतात. १६९२ साली तिथे १९ जणांना फाशी दिलं आणि जाईल्स कोरी या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. माझ्या मते पहिला दोष न्यायाधीशांचा.

सारा गुडचा खटला घ्या. एका मुलीला भर कोर्टात झटका आला. भानावर आल्यावर ती म्हणाली, साराच्या छायारूपाने (चेटकीण आपलं रूप पाठवून छळते आणि ते फक्त छळ होणाऱ्यालाच दिसतं, अशी समजूत होती) मला सुरी मारली. तिच्याजवळ पात्याचा तुकडाही निघाला. तेवढ्यात एक तरुण पुढे आला. माझी सुरी काल मोडली, हा तुकडा मी हिच्यासमोरच फेकला होता, असं सांगून त्याने उरलेली सुरी दाखवली. तुकडा बरोबर जुळला! कोर्टाने मुलीला खोटं बोलू नकोस एवढी समज दिली आणि तिचीच साक्ष पुढे चालू ठेवली. बॉस्टनचा व्यापारी रॉबर्ट कॅलेफ याने त्याच काळात हे लिहून ठेवलंय. साराला १९ जुलैला फाशी झाली.

जुनं_दप्तर
ताई, आजची फूटपट्टी तुम्ही १६९२ला लावताय. छायारूपाची साक्ष या न्यायाधीशांनी घरी बसून शोधून काढली नव्हती. १६६२ साली इंग्लंडमध्ये मॅथ्यू हेलसारख्या नावाजलेल्या न्यायाधीशासमोर तशी साक्ष झाली आणि दोन बायका फासावर गेल्या. सेलमच्या न्यायाधीशांपुढे तोच दाखला होता. कायद्याचं रीतसर शिक्षण त्यांच्यात कुणाचंच नव्हतं, त्यात सरहद्दीवर लढाई पेटलेली. सैतान त्यांना खराच वाटत होता.

वकीलबाई
सैतान तर बॉस्टनच्या धर्मगुरूंनाही खरा वाटत होता. तरी १५ जूनला त्यांनी लेखी बजावलं की नुसत्या छायारूपावर कुणाला दोषी धरू नका, सैतान निरपराध माणसाचंही रूप घेऊ शकतो. (त्याच कागदात खटले जोमाने चालवा असंही लिहिलं होतं, हे मान्य.) न्यायाधीश सॉल्टनस्टॉल तर पहिल्या फाशीनंतर बाजूलाच झाले. म्हणजे त्या काळातही हे दिसत होतं.

आणि रिबेका नर्सचं काय? ७१ वर्षांची, कानाने अधू. पंचांनी (म्हणजे ज्युरीने) तिला निर्दोष ठरवलं होतं! मुलींनी आरडाओरडा केला. मग मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांनी पंचांना तिच्या एका वाक्याची आठवण करून दिली: दुसऱ्या आरोपी बाईला बघून ती ‘ही तर आमच्यातलीच’ म्हणाली होती. म्हणजे काय, असं तिला विचारलं. तिला प्रश्नच ऐकू आला नाही. ती गप्प राहिली आणि पंचांनी निकाल फिरवला. तिला फक्त ‘आमच्यासारखीच कैदी’ एवढंच म्हणायचं होतं. बाजूने बोलायला वकीलही नव्हता.

पाणंद
तुम्ही दोघं कोर्टातच अडकलात. मुली आपल्या आपण तक्रार नोंदवायला गेल्या नव्हत्या. अ‍ॅन पुटनम १२ वर्षांची, तक्रारींवर सह्या तिच्या बापासारख्या मोठ्या माणसांच्या. पुटनम आणि नर्सच्या माहेरच्या लोकांत जमिनीच्या हद्दीवरून जुनं वैर होतं. शिवाय कबूल केलं तर जीव वाचतोय, नाकारलं तर फाशी, हे लोकांना कळून चुकलं होतं. मग कबुली देणारा आणखी चार नावं घेणारच. सारा गुडच्या चार-पाच वर्षांच्या लेकीलाही आईविरुद्ध बोलायला लावलं, आणि तिलाही बेड्या घातल्या.

जुनं_दप्तर
नर्सच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. पण सगळे न्यायाधीश एका माळेचे मणी नव्हते. १६९७मध्ये सॅम्युएल सूअल भर चर्चमध्ये उभे राहिले आणि दोष माझा, अशी लेखी कबुली त्यांनी धर्मगुरूंकडून सगळ्यांसमोर वाचून घेतली. १२ पंचांनीही लेखी माफी मागितली.

वकीलबाई
सूअलना मीही मानते. पण स्टॉटन? जानेवारी १६९३मध्ये छायारूपाची साक्ष बाद करून नवं कोर्ट बसलं, त्याचे मुख्य न्यायाधीशही तेच. बहुतेक सगळे सुटले, तिघी तेवढ्या दोषी ठरल्या. स्टॉटन यांनी आधीच्या काही जणांसकट त्यांच्या फाशीचे हुकूम काढले. गव्हर्नर फिप्स यांनी ते थांबवल्याचं कळताच ते रागाने कोर्ट सोडून निघून गेले.