सल्ला हवा: दाजींच्या पन्नाशीला अडीच हजारात कोणती स्कॉच?

कराडचा_पावणा
मंडळी, नमस्कार. पुढच्या महिन्यात आमच्या दाजींना पन्नास पूर्ण होतायत. केक-बिक ताईने ठरवलाय, पण रात्री मळ्यावर आम्ही सात-आठ जण बसणार आहोत. तेव्हा दाजींच्या हातात एक स्कॉचची बाटली ठेवावी असं मनात आहे. बजेट अडीच हजार. शंभर-दोनशे इकडेतिकडे चालतील, तीन हजार नाही. मी स्वतः बिअरवाला, यातलं ओ की ठो कळत नाही. दाजी एरवी देशी कंपनीची व्हिस्की घेतात, निम्मं पाणी निम्मा सोडा. बाटली देताना बरी दिसावी आणि प्यायल्यावर कुणाचं तोंड वाकडं होऊ नये, एवढीच अट. खरेदी पुण्यातून करेन.

खोलगट_ग्लास
सिंगल माल्ट घ्या, म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आलेल्या बार्लीची. ग्लेनफिडिक १२ नाहीतर ग्लेनलिव्हेट १२. पन्नाशी एकदाच येते. आधी नाक, मग जीभ, पाण्याचे फार तर दोन थेंब. सोडा घालणार असाल तर मला कळवू नका.

कराडचा_पावणा
धन्यवाद, पण या दोन्ही बजेटच्या फार वर जातात ना?

खोलगट_ग्लास
थोडं ताणा.

कसारा_लोकल
टीचर्स हायलंड क्रीम. विषय संपला. आमच्या ग्रूपमध्ये कित्येक वर्षं हीच चालते, अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. अंगाला लागते.

माजी_सुभेदार
आम्हाला लष्कराच्या कॅन्टीनमध्ये यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. नोकरीत असताना तर काय विचारू नका. एकेकाचे किस्से सांगितले तर वेगळा धागा काढावा लागेल.

कसारा_लोकल
सुभेदार, त्याचा धागाकर्त्याला काय उपयोग? कॅन्टीनची बाटली बाहेर विकता येत नाही हे तुम्हीच मागे एका धाग्यावर ठणकावून सांगितलं होतंत.

माजी_सुभेदार
विका कुठे म्हटलं? माहिती दिली.

केतकीचं_बन
पावणे, मी स्वतः पिते म्हणून अनुभवावरून सांगते. दाजींना आजवर देशी व्हिस्कीची सवय आहे, म्हणजे धुराची नाही. टीचर्स चांगलीच आहे, पण तिच्यात आर्डमोर नावाच्या डिस्टिलरीचा माल्ट मुख्य असतो आणि तिथे बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवतात. तो धूर काहींना पहिल्याच घोटाला आवडतो, काहींना 'हे काय जळकं' असं वाटतं. ब्लॅक अँड व्हाइट मऊ आहे, सोड्यात छान लागते, लेबलवर दोन कुत्री असल्याने दिसतेही गोड आणि तुमच्या बजेटात बसते. दोन्हींची १८० मिलीची क्वार्टर मिळते. आधी क्वार्टर आणून चाखा आणि मगच खंबा, म्हणजे मोठी बाटली, घ्या. आठ हजार मतांपेक्षा तुमची जीभ बरी.

आगाऊ_अण्णा
ह्या सगळ्या टीचर्स, ब्लॅक अँड व्हाइट, हंड्रेड पायपर्स भारतात बनतात. लेबलवर बारीक अक्षरात 'बॉटल्ड इन इंडिया' लिहिलेलं असतं, वाचा एकदा. त्याला स्कॉच म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. खरी पाहिजे तर विमानतळावरची.

क्लाइडकाठचा
अण्णा, ग्लासगोत राहतो म्हणून टंकनश्रम घेतो. भारतात बाटलीत भरतात, बनवत नाहीत. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर दारू स्कॉटलंडमध्येच गाळावी लागते आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावी लागते. तसा २००९ चा ब्रिटिश नियम आहे. ब्लेंडेड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्क्या मिसळून केलेली स्कॉच मुरल्यानंतर टँकरमधून परदेशी पाठवता येते. भारतात ती पाणी घालून ४२.८ टक्के अल्कोहोलवर आणतात आणि बाटल्या भरतात. सिंगल माल्टला मात्र २०१२ पासून ही मुभा नाही, ती स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हायला हवी. म्हणूनच ग्लेनफिडिक कधी 'बॉटल्ड इन इंडिया' दिसणार नाही. काच, बूच, खोका आणि बाटल्यांचं जहाजभाडं वाचतं, शिवाय आयात शुल्कही सुट्या मालाच्या कमी किमतीवर बसतं. स्वस्ताईचं कारण हे आहे, भेसळ नव्हे.

आगाऊ_अण्णा
पाणी कुठलं घालतात? स्कॉटलंडच्या झऱ्याचं की आपल्या बोअरचं?

क्लाइडकाठचा
क्षार काढलेलं शुद्ध पाणी. तिकडच्या कारखान्यांतही बाटलीत भरण्याआधी बहुतेक असंच पाणी घालतात. झरे जाहिरातीत जास्त दिसतात.

आगाऊ_अण्णा
चवीत फरक पडतोच. मला कळतो.

खोलगट_ग्लास
अण्णांशी सहमत, वेगळ्या कारणाने. ब्लेंडेडमध्ये बराचसा भाग ग्रेन व्हिस्कीचा, म्हणजे गहू-मक्याचा.

कसारा_लोकल
मग काय झालं? आपल्या देशी व्हिस्कीत तर बरेचदा मळीचं स्पिरिट असतं. दाजी तिथून गव्हावर येतायत, प्रगतीच आहे.

माशेलकार
स्कॉच-स्कॉच काय लावलंय? आमच्या कुंकळ्ळीची पॉल जॉन घ्या. बंगळुरूची अमृत आहे, हरयाणाची इंद्री आहे. अमृत २००४ मध्ये थेट ग्लासगोत जाऊन विकायला ठेवली होती. आपल्या उन्हात पिंपातली दारू झपाट्याने मुरते, तिकडच्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते तर इकडे १० टक्क्यांच्या वर. म्हणून आपल्याकडे माल्ट कोवळ्या वयातच तयार होतो. आणि गोव्याला या, इथे सगळंच स्वस्त.

कराडचा_पावणा
पॉल जॉन बजेटात बसते का?

माशेलकार
गोव्यात बघा ना. येताना घेऊन जा.

कायद्याचं_बोला
असला सल्ला जाहीरपणे देऊ नये. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. सीमेवर गाड्या तपासतात. माझ्या चुलतभावाने डिकीत चार बाटल्या आणल्या होत्या, दारू गेली ती गेली, गाडी सोडवायला किती खेटे घातले ते विचारू नका. जाता जाता अजून एक, आपल्या राज्यात बिअरला वयाची अट २१ आहे, व्हिस्कीला २५. आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा, आजन्म, सगळे मिळतात. मळ्यावर बसणाऱ्या आठ जणांपैकी कितींकडे आहे?

कसारा_लोकल
आठांपैकी आठही जणांना असा काही परवाना असतो हे आत्ता कळलं असेल.

ताकभात
पन्नाशीला आलेल्या माणसाला दारू भेट देणारे मेहुणे! त्यापेक्षा रक्ततपासणीचं पॅकेज द्या. अडीच हजारात येतं.

केतकीचं_बन
ताकभात, वाढदिवसाला रिपोर्ट कोण उघडून बघणार? :)

नाना_निवृत्त
माझ्याकडे मुलाने परदेशातून आणलेली १२ वर्षांची एक बाटली कपाटात आहे. वीस वर्षं हातसुद्धा लावलेला नाही. म्हणजे आता ती ३२ वर्षांची झाली. हल्ली अशी विकत घ्यायची तर लाखात जाईल.

क्लाइडकाठचा
नाना, वाईट वाटून घेऊ नका, पण व्हिस्की फक्त पिंपात मुरते. बाटलीत गेली की वय थांबलं. तुमची अजून १२ वर्षांचीच आहे. लेबलवरचा आकडासुद्धा मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. बाटली आडवी ठेवली असेल तर आधी उभी करा, वाइनसारखं नसतं. दारू बुचाला लागून बूच कुजतं.

नाना_निवृत्त
आडवीच आहे. बघतो.

नाना_निवृत्त
बूच ठीक दिसतंय. किंमत मात्र वाढलेली असणारच.

चाकण_शिफ्ट
मी सांगतो तसं करा. स्मोकी नको, सोड्यात चालेल अशी घ्या, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट. आणि आधी क्वार्टर घेऊन बघा.

कसारा_लोकल
+१. पहिला कामाचा प्रतिसाद. (मी तरी टीचर्सवरच ठाम.)

केतकीचं_बन
पहिला? असो. वर कुणीतरी हेच लिहिलंय, चष्मा लावून वाचा.

आगाऊ_अण्णा
थांबा जरा. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झालाय. व्हिस्कीवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून ७५ आणि मग दहा वर्षांत ४० वर येणार. आत्ता घेणारा मूर्ख.

कराडचा_पावणा
अण्णा, वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे.

कायद्याचं_बोला
शिवाय केंद्राचं शुल्क उतरलं तरी राज्याचं उत्पादन शुल्क उरतंच. खरी स्वस्ताई नोव्हेंबर २०२१ मध्ये आली होती, राज्याने आयात स्कॉचवरचं शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं तेव्हा. जॉनी वॉकरची ब्लॅक लेबल पावणेसहा हजारांवरून पावणेचारवर आली होती. तोपर्यंत लोक दिल्ली-हरयाणाच्या बाटल्या चोरून मागवायचे.

खोलगट_ग्लास
पावणेचारला ब्लॅक लेबल मिळत असेल तर मग अजून थोडं ताणून...

कराडचा_पावणा
_/\_

माजी_सुभेदार
मुद्द्याचं कुणी बोलेना. ७५० मिलीत ६० चे साडेबारा पेग होतात. माणसं आठ. दीड-दीड पेग येणार वाट्याला. साडेनऊला स्कॉच संपली की काय ताक पिणार? पहिला पेग स्कॉचचा करा, नंतर दाजींचा नेहमीचा ब्रँड काढा. उलटं करू नका. नेहमीची आधी झाली तर स्कॉच कुणाला कळणारच नाही.

केतकीचं_बन
सुभेदारांना दंडवत. हे लिहून ठेवा.

वडगावचा_बंटी
ओळखीत एक जण ड्यूटी फ्रीच्या बाटल्या देतो, ब्लॅक लेबल अडीच हजारात. नंबर व्यनित (खाजगी निरोपात) पाठवू का?

कसारा_लोकल
बंटी, नको. मीही अशाच एका ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून घेतली होती. खोका अस्सल, बाटली अस्सल, आतला माल कुठल्यातरी स्वस्त व्हिस्कीचा. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला शुल्क न भरता दोन लिटरच आणता येते, मग या माणसांकडे पेट्याच्या पेट्या येतात कुठून याचा विचार करा. दुकानातूनच घ्या, बिल घ्या, झाकणाचं सील आणि लेबलवर महाराष्ट्रात विक्रीसाठी असल्याचा शिक्का बघा.

कराडचा_पावणा
हे पटलं. एक विचारू का, व्हॅट ६९ कशी आहे?

खोलगट_ग्लास
:D :D

आगाऊ_अण्णा
ती जुन्या हिंदी सिनेमातले खलनायक प्यायचे. अजून मिळते?

चाकण_शिफ्ट
मिळते, पण देताना इंप्रेशन पडणार नाही. ब्लॅक अँड व्हाइटच घ्या, मी मघाशी सांगितलं तसं.

कसारा_लोकल
वाईट नाही. पण टीचर्स असताना का?

केतकीचं_बन
हलकी आहे, सोड्यात चालेल. तरी क्वार्टर आधी.

*(नऊ दिवसांनंतर)*

कराडचा_पावणा
सगळ्यांचे आभार. आज व्हॅट ६९ घेतली. क्वार्टरही आधी आणल्या होत्या, व्हॅट, टीचर्स आणि ब्लॅक अँड व्हाइट अशा तिन्ही. खरं सांगायचं तर मला ब्लॅक अँड व्हाइट जास्त आवडली आणि रूममेटला टीचर्स. पण ताईला आडून आडून विचारलं तेव्हा ती हसायला लागली. लग्नानंतर व्हिडिओवर सिनेमा लागला आणि खलनायकाच्या टेबलावर ती बाटली दिसली की दाजी दर वेळी म्हणायचे, 'एकदा ती प्यायची आहे.' आजवर घेतली नाही. मग दुसरी कशाला देऊ? बजेटात बसली, उरलेल्यात सोडा आणि सुक्या मटणाचा मसाला आला. सुभेदारांचा क्रम पाळणार आहे.

खोलगट_ग्लास
मग धागा कशाला काढला होता?

क्लाइडकाठचा
कारण छान आहे. दाजींना सांगायला एक गोष्ट देतो. १८८२ मध्ये लीथच्या विल्यम सँडरसनने शंभर वेगवेगळी मिश्रणं करून जाणकारांपुढे ठेवली, त्यातलं ६९ नंबरच्या पिंपातलं सगळ्यांना पसंत पडलं. नाव तिथून आलं असं कंपनी सांगते.

आगाऊ_अण्णा
बाटली भारतात भरलेली आहे की नाही ते बघितलंत का?

कराडचा_पावणा
बघितलं. भारतातच.

आगाऊ_अण्णा
मग झालं.

केतकीचं_बन
शुभेच्छा दाजींना! फक्त संपल्यावर बाटली भंगारात अख्खी देऊ नका. लेबल खरवडा नाहीतर फोडा, अशाच बाटल्या परत भरल्या जातात.

कराडचा_पावणा
भंगाराचा प्रश्न नाही. बाटली अजून पिशवीतून निघाली नाही तोवर ताईने मनीप्लँटसाठी मागून ठेवलीय.